यात्रेतील पोटाचे आरोग्य : घरगुती उपचार आणि त्यांची मर्यादा

प्रास्ताविक

यात्रेस निघालेल्या भाविकाचे मन दर्शनाकडे लागलेले असते. देहाकडे त्याचे लक्ष नसते. घरी वेळेवर होणारे जेवण, ओळखीचे पाणी, ठरलेल्या वेळची झोप हे सारे प्रवासात बदलते आणि या बदलाची पहिली खबर पोट देते. कोणास दोन-तीन वेळा पातळ शौचास होते, कोणास चार दिवस शौचास होतच नाही, कोणास छातीत जळजळ होते, तर कोणाचे पोट फुगते. यांतील बहुतेक तक्रारी किरकोळ असतात. पाणी, मीठ, साखर, हलका आहार आणि एक-दोन दिवसांची विश्रांती एवढ्याने त्या बऱ्या होतात.

परंतु याच तक्रारींच्या आड कधी कधी गंभीर आजारही दडलेला असतो. घरगुती उपाय कोठपर्यंत करावेत आणि कोणत्या क्षणी ते थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी, ही सीमारेषा प्रत्येक भाविकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. यात्रेत पोटाच्या विकाराने प्रकृती खालावते ती बहुधा औषध न मिळाल्यामुळे नव्हे, तर संकोचाने वेळ दवडल्यामुळे. दिंडीतील सोबत्यांना त्रास नको, रांगेतील जागा जाऊ नये, घेतलेले व्रत मोडू नये, अशा विचाराने वृद्ध मंडळी आणि विशेषतः स्त्रिया आपला त्रास बोलून दाखवत नाहीत. हा संकोच दूर व्हावा, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यात्रेत पोट का बिघडते?

आषाढीच्या वारीचे उदाहरण घ्यावे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाटचाल भर पावसाळ्यात होते. पावसाच्या पाण्याबरोबर मैला विहिरींत, ओढ्यांत आणि नदीत उतरतो. माश्या वाढतात, उघडे अन्न लवकर आंबते आणि हजारो माणसे एकाच ठिकाणी मुक्काम करतात. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या, म्हणजेच कॉलऱ्याच्या, साथी यात्रेकरूंच्या पाठोपाठ गावोगाव जात, हा इतिहास आहे. पाण्याचे शुद्धीकरण, शौचालये आणि वैद्यकीय पथके यांमुळे परिस्थिती आज पुष्कळ पालटली आहे. तथापि दूषित पाणी आणि दूषित अन्न ही अतिसाराची मूळ कारणे आजही तीच आहेत.

बद्धकोष्ठाची कारणे याच्या नेमकी उलट असतात. वाटेत शौचालयाची सोय होईल की नाही, या काळजीने अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. शौचाचा वेग आला तरी तो दाबून ठेवला जातो. त्यातच साबुदाण्यासारखे पदार्थ सलग खाल्ले, भाजी व फळे सुटली, की मल कोरडा होतो. पाणी कमी पिण्याने केवळ बद्धकोष्ठच होते असे नाही. मूत्रमार्गाचा दाह होतो आणि उन्हात भोवळही येते. म्हणून पाणी टाळणे हा शौचालयाच्या अडचणीवरचा उपाय नव्हे.

अतिसार : धोका कशात आहे?

दिवसातून तीन किंवा त्याहून अधिक वेळा पाण्यासारखी पातळ शौचास झाल्यास त्यास अतिसार म्हणतात. जुलाब ताबडतोब बंद झाले पाहिजेत, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः शौचासावाटे आतडे दूषित द्रव्य बाहेर टाकीत असते आणि बहुतेक अतिसार काही दिवसांत आपोआप थांबतात. खरा धोका असतो तो जुलाबांबरोबर शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा. शरीरातील पाणी असे घटण्यास जलशुष्कता म्हणतात. लहान मुलांत आणि वृद्धांत ती काही तासांत येऊ शकते. म्हणून अतिसारावरील पहिला उपचार गोळी हा नसून, गेलेले पाणी व क्षार परत भरून काढणे हा आहे.

नुसते पाणी पिऊन हे काम पुरेसे होत नाही. आतड्याच्या अस्तरात अशी व्यवस्था आहे की मिठातील सोडियम आणि ग्लुकोज ही साखर एकमेकांच्या साथीने आत शोषली जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. पटकीसारख्या तीव्र अतिसारातही ही व्यवस्था शाबूत राहते. चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर यांच्या जोडीत जीव वाचविण्याचे सामर्थ्य आहे, ते याच कारणाने. या मिश्रणास आपल्याकडे ‘जलसंजीवनी’ हे नाव पडले आहे आणि ते यथार्थ आहे.

जलसंजीवनीची कथा

या साध्या उपायाची परीक्षा फार कठीण प्रसंगी झाली. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची भयंकर साथ उसळली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले आणि ते लावणारे शिक्षित हातही पुरेनात. अशा वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना तोंडावाटे पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तांनीच केले. त्या छावणीत तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हा उपचार जगभर नेला आणि असंख्य बालकांचे प्राण त्याने वाचले. डॉ. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर ‘पद्मविभूषण’ हा सन्मान जाहीर झाला. या कथेतून भाविकांनी घ्यावयाचा बोध एवढाच, की जलसंजीवनी पाजण्यास डॉक्टरच हवा असे नाही. शेजारी बसलेली आई, सून, मुलगा किंवा दिंडीतील सोबती हे काम उत्तम प्रकारे करू शकतो.

जलसंजीवनी कशी तयार करावी?

शक्य असेल तेव्हा औषधाच्या दुकानात किंवा सरकारी आरोग्य केंद्रात मिळणारे ओ. आर. एस. चे पाकीटच वापरावे. त्यात मीठ व ग्लुकोजबरोबर पोटॅशियम आणि सायट्रेट हे क्षारही योग्य प्रमाणात असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून स्वीकारलेल्या सूत्रानुसार मोठ्या पाकिटात २०.५ ग्रॅम भुकटी असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावयाची असते. काही लहान पाकिटे २०० मिलिलिटर पाण्यासाठी असतात. म्हणून पाकिटावरील सूचना वाचूनच पाणी मोजावे. अर्धे पाकीट अंदाजाने घालणे, त्यात वरून साखर टाकणे किंवा ते दुधात वा सरबतात मिसळणे कटाक्षाने टाळावे.

बाजारात फळांच्या चवीची गोड पेये ओ. आर. एस. सारख्या नावांनी विकली जात असत. त्यांत साखर फार असल्याने जुलाब वाढण्याचा संभव असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रास अनुसरून नसलेल्या पेयांवर हे नाव छापण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरीही खरेदी करताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे, याची खात्री करून घ्यावी.

पाकीट जवळ नसल्यास घरगुती द्रावण पुढीलप्रमाणे करावे :

१. साबणाने हात स्वच्छ धुवावेत. उकळून गार केलेले किंवा शुद्ध केलेले एक लिटर पाणी स्वच्छ भांड्यात घ्यावे.
२. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. सपाट चमचा म्हणजे वरचा ढीग बोटाने सारखा करून घेतलेला चमचा.
३. सर्व विरघळेपर्यंत ढवळावे आणि चव पाहावी. द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. खारट लागल्यास ते टाकून नवे करावे.
४. भांडे झाकून ठेवावे. चोवीस तासांनी उरलेले द्रावण टाकून द्यावे.

प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्यांना हवे तेवढे द्रावण द्यावे. बालकास ते चमच्याने, थोडे थोडे पाजावे. बाटलीने पाजू नये. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबावे आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा याप्रमाणे पुन्हा सुरू करावे. उलटी होते म्हणून पाजणे बंद करणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

अतिसारात काय खावे?

‘पोट बिघडले की लंघन’ ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. प्रौढ माणसाने भूक नसताना एखादे जेवण टाळले तर बिघडत नाही. परंतु लहान मुलांस, वृद्धांस आणि अशक्त माणसांस उपाशी ठेवणे अहितकारक ठरते. तान्ह्या बाळाचे स्तनपान कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. उलट ते अधिक वेळा करावे.

मऊ भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, मीठ घातलेली तांदळाची पेज, डाळीचे पाणी, दहीभात, ताजे ताक, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे हे पदार्थ थोडे थोडे आणि वरचेवर द्यावेत. शहाळ्याचे पाणी चालते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते आणि केळे वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. तळलेले, तिखट व फार गोड पदार्थ, बाटलीबंद शीतपेये आणि कडक चहा दोन-तीन दिवस वर्ज्य करावेत.

दोन महिन्यांवरील व पाच वर्षांखालील मुलांना अतिसारात जलसंजीवनीबरोबर झिंकची गोळीही देतात. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळास रोज १० मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्या मुलास रोज २० मिलिग्रॅम, याप्रमाणे १४ दिवसांचा हा क्रम असतो. जुलाब थांबले तरी तो मध्येच सोडू नये. ही गोळी आरोग्य केंद्रातून किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

जुलाब एकदम बांधून टाकणारी औषधे मुलांना मुळीच देऊ नयेत. शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही ती टाळावीत. तसेच प्रत्येक अतिसारास प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, गरज नसते. सोबत्याच्या पिशवीतील उरलेल्या गोळ्या घेणे अनुचित होय.

बद्धकोष्ठ

प्रवासात दोन-तीन दिवस शौचास न होणे, एवढ्यावरून घाबरून जाऊ नये. सकाळी उठल्यावर एक-दोन पेले कोमट पाणी प्यावे. शौचाचा वेग आला असता तो दाबू नये आणि न्याहारीनंतर थोडा वेळ त्यासाठी राखून ठेवावा. पेरू, पपई, भिजविलेल्या मनुका, पालेभाजी, काकडी आणि ताक यांचा आहारात समावेश करावा. फळे धुऊन आणि स्वतः कापून खावीत. रात्री एक ते दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावे आणि वर आणखी पाणी घ्यावे. कमी पाण्याबरोबर घेतलेले इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकू शकते. ज्यांना गिळण्यास त्रास होतो त्यांनी ते घेऊ नये.

यात्रेच्या आदल्या रात्री ‘पोट साफ’ करण्यासाठी एरंडेल किंवा तीव्र रेचक घेण्याची काहींना सवय असते. दुसऱ्या दिवशी उन्हात चालताना किंवा रांगेत उभे असताना त्याचा परिणाम भोवतो. गरोदर स्त्रियांनी तर असे रेचक घेऊच नये.

पोट फुगून दुखत असेल, उलट्या होत असतील आणि शौच व वायू दोन्ही सरत नसतील, तर हे साधे बद्धकोष्ठ नव्हे. आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असते. अशा वेळी रेचक देऊ नये, खाण्यापिण्यास देऊ नये आणि रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

आम्लपित्त आणि वेदनाशामक गोळ्या

पहाटेपासून उपाशी पोटी चहावर चहा, दुपारी तिखट जेवण आणि रात्री उशिरा जेवून लगेच झोपणे, हा क्रम आम्लपित्तास आमंत्रण देतो. थोडे थोडे पण वेळेवर खावे. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास जेवण आटोपावे. उशाकडील बाजू थोडी उंच करून झोपावे. जेवणानंतर बडीशेप किंवा चिमूटभर ओवा यांनी अनेकांना आराम वाटतो.

पायी चालणाऱ्यांचे पाय व गुडघे दुखतात आणि मग रोज वेदनाशामक गोळी घेतली जाते. उपाशी पोटी, दिवसामागून दिवस घेतलेल्या अशा गोळ्यांनी जठराच्या अस्तरास व्रण पडतो आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. शौचास डांबरासारखी काळी व चिकट झाली किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट अंश दिसला, तर तो रक्तस्राव समजावा आणि त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची शौचासही काळसर होते, ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी. परंतु स्वतःच तसा निष्कर्ष काढून स्वस्थ बसू नये.

याहूनही महत्त्वाची सूचना हृदयविकाराविषयी आहे. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, जडपणा वा जळजळ आणि त्यासोबत दरदरून घाम, धाप, मळमळ, किंवा डाव्या हातात, खांद्यात वा जबड्यात पसरणारी कळ अशी लक्षणे असतील, तर तो ‘गॅस’ समजून सोडा, लिंबू किंवा ओवा देत बसू नये. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराचा झटका पुष्कळदा पोटाच्या तक्रारीच्याच रूपात येतो. रुग्णास चालवू नये, पायऱ्या चढवू नये. जागीच बसवून रुग्णवाहिका बोलवावी.

उपवास आणि प्रकृती

एकादशीचा उपवास ही अनेकांची आयुष्यभराची निष्ठा असते आणि तिचा आदर राखूनच पुढील सूचना केली आहे. बाल, वृद्ध आणि आतुर, म्हणजे आजारी, यांच्यावर उपवासाची सक्ती नाही, असे धर्मशास्त्रानेच सांगितले आहे. त्यामुळे जुलाब होत असताना जलसंजीवनी घेतल्याने व्रतभंग झाला, अशी रुखरुख कोणीही बाळगू नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपवास करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून औषधांची मात्रा ठरवून घ्यावी. औषध घेतले आणि आहार घेतला नाही, तर रक्तातील साखर एकदम खाली येते. हातपाय थरथरणे, घाम सुटणे, असंबद्ध बोलणे ही तिची चिन्हे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास त्यास तात्काळ साखर किंवा गूळ द्यावा. बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नये आणि रुग्णवाहिका बोलवावी.

उपवासाच्या पदार्थांतील भगर, म्हणजेच वरई, याविषयी विशेष दक्षता आवश्यक आहे. ओलसर जागी साठविलेल्या भगरीवर बुरशी वाढते आणि तिच्या विषाने मळमळ, उलट्या, चक्कर व जुलाब होतात. महाराष्ट्रात अशा घटना उपवासाच्या दिवसांत वारंवार घडल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात एका धार्मिक सप्ताहात एकादशीला भगर व आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर शेकडो भाविकांना विषबाधा झाली आणि अनेकांना उघड्यावरच सलाईन लावावे लागले. म्हणून भगर पाकीटबंद आणि मुदतीतील घ्यावी. ती निवडून, स्वच्छ धुऊन, ताजी शिजवावी. उघड्यावरचे भगरीचे पीठ घेऊ नये. शिजविलेली भगर व शेंगदाण्याची आमटी फार वेळ ठेवून खाऊ नये.

पाणी, प्रसाद आणि हात

पाणी खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवावे. गढूळ असल्यास आधी स्वच्छ फडक्याने गाळून घ्यावे. उकळण्याची सोय नसल्यास क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब वेष्टनावरील प्रमाणानुसार घालावेत आणि सांगितलेला वेळ थांबून मगच ते पाणी प्यावे. चंद्रभागेचे असो वा अन्य कोणत्या नदीचे, तीर्थ भक्तिभावाने मस्तकी लावावे. तहान मात्र शुद्ध केलेल्या पाण्यानेच भागवावी. स्नान करताना पाणी तोंडात जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, हा अतिसार टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. माती किंवा राख साबणाची जागा घेऊ शकत नाही. महाप्रसाद गरम असतानाच घ्यावा. खव्याचे पेढे, दुधाचे पदार्थ आणि ओले खोबरे घातलेला प्रसाद गावी नेण्यासाठी अनेक दिवस बांधून ठेवू नये. त्यासाठी चुरमुरे, बत्तासे, साखरफुटाणे किंवा सुके खोबरे अधिक योग्य. एकाच ठिकाणी जेवलेल्या अनेकांना काही तासांत उलट्या वा जुलाब सुरू झाले, तर ती गोष्ट झाकून न ठेवता व्यवस्थापकांस आणि आरोग्य पथकास तत्काळ कळवावी. त्या एका निरोपाने पुढच्या पंगतीतील शेकडो माणसांचा त्रास वाचतो.

वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी?

पुढीलपैकी एकही लक्षण आढळल्यास घरगुती उपायांवर विसंबून राहू नये :

१. तांदळाच्या धुवणासारखी, मोठ्या प्रमाणात व वरचेवर शौचास होणे. हे पटकीचे लक्षण असू शकते.
२. शौचातून किंवा उलटीतून रक्त पडणे, अथवा डांबरासारखी काळी शौचास होणे.
३. प्यायलेले सर्व उलटून पडणे किंवा पिणेच अशक्य होणे.
४. सहा ते आठ तास लघवी न होणे किंवा ती अगदी थोडी व गडद होणे.
५. डोळे खोल जाणे, जीभ कोरडी पडणे, उभे राहताच भोवळ येणे, हातपाय गार पडणे.
६. सुस्ती, ग्लानी, असंबद्ध बोलणे. मूल रडताना अश्रू न येणे, ते मलूल पडणे किंवा झोपेतून नीट जागे न होणे.
७. जोराचा ताप, अथवा पोटात सतत वाढत जाणारी तीव्र वेदना. नाभीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी कळ आंत्रपुच्छाच्या दाहाची असू शकते.
८. पोट फुगणे व त्यासोबत शौच व वायू दोन्ही बंद होणे.
९. डोळे पिवळे व लघवी गडद पिवळी होणे. ही काविळीची चिन्हे होत.
१०. मोठ्या माणसाचे जुलाब तीन दिवसांत न थांबणे. लहान मुलाच्या बाबतीत चोवीस तासांत सुधारणा न दिसल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

सहा महिन्यांखालील बालक, गरोदर स्त्री, सत्तरीपुढील व्यक्ती, तसेच मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारे रुग्ण यांच्या बाबतीत ही लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये. जुलाब वा उलट्या सुरू होताच सल्ला घ्यावा. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अतिसारात त्या चालू ठेवाव्यात की नाही, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास शासकीय रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. दूरध्वनी करताना जवळचे मंदिर, घाट, मठ, धर्मशाळा किंवा रस्त्यावरील ठळक खूण सांगावी. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्ण शुद्धीवर असेल, त्यास पिता येत असेल आणि पोट फुगून शौच व वायू बंद होणे, तीव्र पोटदुखी किंवा रक्तस्राव यांपैकी काही नसेल, तर जलसंजीवनी चालू ठेवावी.

यात्रा संपल्यानंतरही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. शौचाच्या सवयीतील बदल तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकला, कारणाविना वजन घटू लागले किंवा अशक्तपणा व फिकटपणा वाढला, तर ‘वारीत पोट बिघडले होते’ असे म्हणून तो अंगावर काढू नये. विशेषतः पन्नाशीपुढील व्यक्तींनी तपासणी करून घ्यावी. आतड्याच्या कर्करोगासारखे आजार लवकर सापडल्यास उपचारांना चांगला प्रतिसाद देतात.

सोबत काय असावे?

पाच-सहा ओ. आर. एस. ची पाकिटे, एक लिटरची खूण असलेली बाटली, चहाचा चमचा, साबणाची वडी, क्लोरीनच्या गोळ्या, इसबगोल आणि नेहमीची औषधे एका पिशवीत ठेवावीत. त्याच पिशवीत एक चिठ्ठी असावी : नाव, गाव, घरचा दूरध्वनी क्रमांक, असलेले आजार, चालू औषधे आणि न सोसणारी औषधे. वृद्ध भाविक एकटे असताना आजारी पडले, तर ही चिठ्ठीच त्यांच्या वतीने बोलते.

दिंडीतील प्रत्येक दहा-बारा जणांमागे एकाने रोज सकाळी व रात्री ‘पाणी प्यालात का, लघवी झाली का, पोट ठीक आहे का’ एवढे तीन प्रश्न सर्वांना विचारावेत. विचारणारे कोणी असले की सांगणाऱ्याचा संकोच गळून पडतो. स्त्रियांसाठी हे काम स्त्रीनेच करावे.

दानशूर मंडळींस विनंती

अन्नदानाची परंपरा थोर आहे. त्याच्या जोडीला शुद्ध पाणी, साबण, ओ. आर. एस. ची पाकिटे आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, दिवाबत्तीची व पाण्याची सोय असलेली शौचालये यांचे दान तितकेच पुण्यप्रद मानावे. अन्नछत्रास शिधा देताना धान्य, भगर व तेल यांची मुदत पाहूनच द्यावे. औषधे देताना मुदत संपत आलेली किंवा वापरून उरलेली देऊ नयेत. ती व्यवस्थापकांच्या व डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावीत.

उपसंहार

पोटाच्या किरकोळ तक्रारीत धीर सोडू नये आणि गंभीर लक्षणांत वेळ दवडू नये, हे या विवेचनाचे सार आहे. मीठ, साखर व पाणी यांचे योग्य प्रमाण, हलका आहार आणि स्वच्छ हात यांनी बहुतेकांची यात्रा निर्विघ्न पार पडते. ज्यांना याहून अधिक साहाय्याची गरज भासेल त्यांनी ते निःसंकोच मागावे आणि शेजाऱ्याने ते तत्परतेने मिळवून द्यावे. रांगेतील जागा पुन्हा मिळते, चुकलेले दर्शन पुढल्या वारीस घडते. त्यासाठी भाविक सुखरूप घरी परतणे महत्त्वाचे आहे. सर्व यात्रेकरूंची यात्रा निरामय व आनंददायी होवो, ही प्रार्थना.